ओकच्या पोटातली खूण

“काठी सरळ धर ना गं! हलतेय!” लोविना ओरडली.

“काठी नाही, मी हलतेय! मुंगळे चढलेत पायावर!” पुढच्या गवतातून केझाया किंचाळली.

लोविनाने एक डोळा मिटून पुन्हा नेम धरला. मागच्या दोन काठ्यांआड केझायाची तिसरी काठी दिसेनाशी झाली. बरोबर! रेषा सरळ होती. मागची काठी उपटून ती पुढे धावली. बारा वर्षांच्या लोविनाला एरवीही स्वस्थ बसता येत नसे, आणि आज तर घाईच होती. दुपारी हद्दीचा खांब रोवला जाणार होता!

अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या अफाट मुलखाची राज्यं पाडताना मिसुरी आणि आयोवा यांच्यात हद्दीवरून इतकी जुंपली होती, की माणसं बंदुका घेऊन निघाली होती. आता, १८५०च्या उन्हाळ्यात, कोर्टाचा हुकूम आला होता: चौतीस वर्षांपूर्वी मोजणीदारांनी झाडांवर कुऱ्हाडीने केलेल्या खुणा शोधा. तीच हद्द. तिथे लोखंडी खांब रोवा.

मोजणीची माणसं लोविनाच्या आईच्या खानावळीत उतरली होती. सकाळीच मदतनीस क्रॉकरने टेबलावर थाप मारली होती. “सापडली खूण! टेकाडावरच्या एल्मच्या झाडावर!”

“पण मग रेषा मध्येच उत्तरेला वाकते की!” लोविनाचा दहा वर्षांचा भाऊ ऑरिन म्हणाला.

“जुने मोजणीदार प्यायलेले असतील! पोळी वाढा अजून एक!”

ती रेषा वाकली, म्हणजे केझायाच्या वडिलांची भट्टी मिसुरीत गेली. मोझेस टॉलिव्हर हा स्वतंत्र काळा लोहार, कुणाचा गुलाम नव्हता. मिसुरीत काळी माणसं विकली जात, आयोवात नाही. स्वतंत्र असलेल्यालाही परवान्यावाचून राहता येत नसे. काळ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवणं तर तिथे गुन्हाच! बातमी कळताच मोझेसने निघून जायला शेजाऱ्यांच्या मदतीने ऐरण गाडीत चढवली होती.

मुलं धावत एल्मपाशी गेली होती. खूण उघडीवाघडी, आतलं लाकूड स्वच्छ दिसत होतं. वरच्या ढोलीत मधमाश्या गुणगुणत होत्या.

“ही तर मध काढणाऱ्यांची खूण!” केझाया म्हणाली. वडिलांच्या कोळशासाठी ती कितीतरी झाडं तोडायला गेली होती. “पोळं आपलं, म्हणून करून ठेवतात. जुनी जखम अशी उघडी नाही राहत. झाड तिला गिळून टाकतं!”

“आता मला शिकवणार का तुम्ही? जा, भातुकली खेळा!” क्रॉकर खेकसला होता.

म्हणून आता ही काठ्यांची धावपळ. पूर्वेला दोन जुन्या खुणा आधीच सापडल्या होत्या. त्यांच्यावरून पश्चिमेकडे नेम धरत धरत मुली एल्मच्या अर्धा मैल दक्षिणेला, ओढ्यापाशी आल्या होत्या, आणि तिसरी काठी थेट एका जाडजूड ओकला भिडली. त्याच्या सालीवर उभी सुरकुती होती, घट्ट मिटलेल्या ओठांसारखी.

केझायाने त्यावरून हात फिरवला. “आत आहे काहीतरी, लोविना!”

तेवढ्यात ऑरिन धापा टाकत आला. “खांबाची गाडी पोहोचली! खड्डा खणतायत!”

“आणि फेअरबर्नसाहेब?”

“दाढ धरून बसलेत खानावळीत.”

“मी आणते त्यांना! तू खांब अडव!”

“कसा?”

“मला काय विचारतोस! डोकं चालव!”

मोजणीप्रमुख फेअरबर्न गालाला फडकं बांधून कण्हत होते. लोविना धाडकन आत शिरली. “साहेब, तुमचा खांब मधमाश्यांच्या झाडाखाली रोवतायत!”

“काय?” म्हातारा ताडकन उठला.

टेकाडाखाली वेगळाच गोंधळ चालला होता! ऑरिनने सोडलेले बैल क्लोव्हरच्या चाऱ्याच्या रानात शिरले होते, आणि क्रॉकर टोपी हलवत त्यांच्यामागे पळत होता. खांब अजून गाडीतच! फेअरबर्नसाहेबांनी एल्मकडे एकदाच पाहिलं. “मूर्खा, ही खूण तीन वर्षांचीसुद्धा नाही!” मग ते लोविनाकडे वळले. “खरी कुठे आहे?”

ओकवर कुऱ्हाड चालली, तशी माणसं जमली. मोझेसही येऊन लांब उभा राहिला. धडाधड ढलप्या उडाल्या आणि वीतभर जाडीचा ठोकळा निखळला. आत काळीभोर, सपाट जखम! ठोकळ्याच्या आतल्या अंगावर तिचा उलटा ठसा उमटला होता.

“जखमेवर वाढलेली वर्तुळं मोजा, वर्षाला एक असतं,” साहेब म्हणाले.

क्रॉकरने मोजली. “तेहतीस. एक कमी भरतंय. म्हणजे ही ती नव्हेच!”

केझायाने मात्र गुडघे टेकले आणि नखाने एकेक वर्तुळ मोजायला लागली.

“...तेहतीस. आणि हे सालीजवळचं एक राहिलं. दुष्काळाचं वर्ष असणार, दोऱ्याएवढंच आहे. चौतीस!”

फेअरबर्नसाहेबांनी भिंग काढून पाहिलं. दोनदा मोजलं.

“चौतीस!” दाढ विसरून ते गरजले. “तीस वर्षं मी मोजणी करतोय, पण एवढी स्वच्छ नजर थोड्यांचीच पाहिली. पोरांनो, सरकारची लाज राखलीत तुम्ही! लोहारदादा, तुमची भट्टी आयोवात आहे!”

“आणि बैल सोडणारा?” ऑरिनने मागून विचारलं. हशा पिकला.

मोझेस हसला नाही. त्याने केझायाच्या खांद्यावर हात ठेवला. “चल,” तो एवढंच म्हणाला, “गाडी रिकामी करू. ऐरणीला चार माणसं लागतील.”

जमलेल्यांतले दोन शेजारी पुढे झाले, मोझेस धरून तीन. चौथा माणूस कोण, म्हणून लोविना इकडेतिकडे बघत होती, तोच क्रॉकरने मान खाली घालून बाह्या सरसावल्या आणि तो त्यांच्यामागून चालू लागला.