तीनशेच्या अलीकडे

“नाही पटत ना एकमेकांशी? मग नका राहू एकत्र. पण चारचौघांत माझी मान खाली घालायला लावू नका!”

काउंटरच्या मागे जमिनीवर गुडघे टेकून धाकटी एक केसाएवढा बारीक स्क्रू शोधत होती, आणि हे पुटपुटणं तिच्या बरोब्बर डोक्यावर चाललं होतं. तिला वाटलं, एखादं जोडपं भांडण घेऊनच दुकानात शिरलं. कॅमेरे दुरुस्त करायच्या दुकानात लोक काय घेऊन येतील याचा नेम नसतो. तिने हळूच डोकं वर काढलं, तर समोर एकटाच माणूस. त्याच्या एका हातात लांबलचक झूम लेन्स होती, दुसऱ्या हातात टेलिकन्व्हर्टर, आणि झापणं चाललं होतं ते या दोघांना.

“मध्यस्थी करू का?” तिने विचारलं.

तो असा दचकला की लेन्स हातातून सुटता सुटता राहिली. “तुम्ही… किती वेळ ऐकताय?”

“संसार मोडल्यापासून.”

तो हसला. हनुवटी डाव्या खांद्याकडे किंचित वळवून त्याने तिच्याकडे तिरकं पाहिलं. दाराआडून बघावं तसं. धाकटीच्या हातातून नुकताच सापडलेला स्क्रू पुन्हा निसटला.

आता ही धाकटी म्हणजे काही कोवळी पोर नव्हती. बत्तीस वर्षांची झाली होती ती. पण घरात एकदा धाकटी म्हणून नाव पडलं की केस पिकले तरी ते सुटत नाही. वडिलांच्या मागे त्यांचं दुरुस्तीचं टेबल तिने घेतलं. शिकवायला कुणी नव्हतं. उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकली. काउंटर वहिनी सांभाळायची. भाऊ बाहेरगावी नोकरीला असल्यामुळे दुकान आणि घर, दोन्ही या नणंद-भावजयीच्या जिभांवर चालायचं.

धाकटीने टेलिकन्व्हर्टर उजेडात धरला. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणारी ही बोटभर जाडीची डबी, पाचशेची लेन्स सातशेची करते. तिच्या पुढच्या फुगीर काचेवर नखाएवढा ओरखडा होता.

“जबरदस्ती केलीत.”

“मी? मी तर प्रेमाने…”

“प्रेमाने काच खरवडत नाही. हे बघा, ही काच लेन्सच्या पोटात शिरते. आणि झूम कमी केला की लेन्सची मागची काच मागे येते. म्हणून आधी झूम तीनशेच्या पुढे न्यायचा, मग हे बसवायचं. एकदा बसवलं की तीनशेच्या अलीकडे यायचं नाही. आलात की काचेवर काच. त्यासाठीच तर ही पांढरी रेघ दिलीय.”

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. बघितलं नाही, नुसता फिरवला. “घाईत लक्ष गेलं नसेल. म्हणजे एकदा लांबचं बघायचं ठरवलं की जवळच्याकडे परतायची सोय नाही?”

“आहे की. आधी मधलं हे काढायचं.”

“मधलं काढायचं,” तो पुन्हा तिरकं बघत म्हणाला. “कळलं, मिस्त्रीबाई.”

मिस्त्रीबाई! वहिनी पावतीपुस्तकात तोंड खुपसून हसली.

त्याचं काम गमतीचं होतं. पाणथळीवर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवलेली असतात, त्यांवर आकडे असतात. ते लांबून वाचायचे आणि कुठला पक्षी कुठून आला याची नोंद पक्षी अभ्यासकांच्या कार्यालयाला पाठवायची. चौदा वर्षं हा माणूस चिखलात बसून बगळ्यांचे पाय वाचत होता. वहिनीने त्याच दिवशी त्याचं नाव बगळेवाले ठेवलं.

“लेन्सला काही झालेलं नाही,” धाकटीने सांगितलं. “आणि पुढच्या काचेवरचा एवढा ओरखडा फोटोत दिसत नाही. पण कान पकडा, पुन्हा असं करणार नाही म्हणून.”

“कुणाचे?”

धाकटीने स्क्रू शोधायला पुन्हा मान खाली घातली. वहिनीला तीन उत्तरं सुचली होती, पण ती तिने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवली.

पुढच्या गुरुवारी बगळेवाले हजर. फोटो पुसट येतात म्हणे.

“टेलिकन्व्हर्टर लांबचं जवळ आणतो, पण उजेड खातो,” धाकटी म्हणाली. “निम्मा उजेड गिळतो. सकाळी लवकर काढत असाल तर पुसट येणारच.”

“लांबचं जवळ आणायला एवढा अंधार?”

“मग चालत जा ना जवळ. पाय आहेत.”

“गेलो की उडून जातात.”

“सगळेच?”

“आत्तापर्यंत तरी… सगळेच.” त्याने लेन्सचं झाकण उगाच काढलं, उगाच लावलं. “तुमचा काय अनुभव?”

“मी कुठे उडतेय? पाठीला रग लागेस्तोवर याच स्टुलावर असते.”

खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या सात-आठ रेघा टेबलावर पडल्या होत्या, आणि तो त्यातल्या एका रेघेवर बोट ठेवून उभा होता. जायची घाई नव्हती त्याला. तो गेला तेव्हा टेबलावरचा चहा गार झाला होता, आणि धाकटीने तो तसाच पिऊन टाकला. वहिनीने हे पाहिलं.

“तिरका बघतो हं तुझ्याकडे,” ती म्हणाली. “सरळ बघायची छाती नाही अजून.”

“वहिनी, तू गप गं.”

“मी गप्पच आहे. तुझे कान लाल झालेत, ते बोलतायत.”

तिसऱ्या गुरुवारी त्याने कॅमेऱ्यातलं कार्डच आणलं. “आता स्वतःच बघा. कार्यालयातून पत्र आलंय. मी पाठवलेल्या नोंदीतला एक बगळा चार वर्षांपूर्वीच मेलाय म्हणे. मेलेला पक्षी जिवंत करून दाखवला मी! आठाचा तीन वाचला असणार. वाचणार कसा नाही? लेन्सच अशी!”

धाकटीने फोटो टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडला. बगळ्याचा पाय, पायात निळं कडं, कड्यावर पांढरे आकडे. तिने वाढवत वाढवत तो आकडा तळहाताएवढा केला. आठ-सात-पाच. पायावरचे खवलेसुद्धा मोजता येत होते.

“बघितलंत?” तो म्हणाला. “तीन… सात… पुढचं तर लागतच नाही. किती पुसट!”

ती हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

हनुवटी डाव्या खांद्याकडे किंचित वळवून तो स्क्रीनकडे बघत होता. तिरकं. दाराआडून बघावं तसं.

दोन आठवडे जी नजर धाकटीने उशाशी घेऊन झोपावं तशी जपली होती, ती तिच्यासाठी नव्हतीच. म्हणजे तिच्यासाठी होती, पण मग स्क्रीनसाठीही तीच होती, बगळ्यासाठीही तीच. सरळ बघितलं की मधलंच नाहीसं होत असलं पाहिजे त्याचं. म्हणून तो कडेने बघायचा. म्हणून रेघेवरून नुसता अंगठा फिरला होता.

बोलायची वेळ तीच होती. शब्द जिभेवर आलेही होते. तेवढ्यात तो म्हणाला, “बरी करता येईल ना हो, मिस्त्रीबाई? माझं सगळं या लेन्सवर आहे.”

आणि तिच्या तोंडून निघालं, “फोकस जरा पुढेमागे होतोय. ठेवून जा… गुरुवारी या.”

तो गेल्यावर तिने लेन्स तपासायला लावली. समोरच्या भिंतीवर बारीक रेघांचा कागद असतो, त्यावर. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं सुईच्या टोकासारखं. इतकी निर्दोष लेन्स तिच्या टेबलावर वर्षभरात आली नव्हती.

संध्याकाळी शटर ओढताना वहिनी आपणहून म्हणाली, “माझ्या मामांची मान अशीच वळलेली असायची. आम्ही पोरं चेष्टा करायचो. मग नेलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ते म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर…” तिने वाक्य तिथेच सोडलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

“मग?” धाकटीने विचारलं.

“मग काय. भाजी काय करायची ते सांग.”

त्या दिवसापासून वहिनीने चिडवणं बंद केलं. हे धाकटीला सगळ्यात जास्त लागलं.

मधे एकदा फोन आला. पलीकडे त्याची थोरली बहीण. आवाज मायेचा, जरा दमलेला. “ताई, तुमच्याकडे त्याची लेन्स आहे ना? सारखं तिचंच बोलतो. आणि तुमचंही बोलतो हं! परवा घरात उंबऱ्याला अडखळला, तर म्हणतो, लेन्सच्याच विचारात होतो. ताई… ती लेन्स खरंच बिघडलीय ना?”

धाकटीने डोळे मिटले. “हो.”

“हो का?” पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. “बरं वाटलं, बाई. जिवाला घोर लागला होता.”

फोन ठेवल्यावर धाकटी कितीतरी वेळ हात पुसत बसली. हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी तिने ठरवून ठेवलं होतं. चार वाक्यं घोकली होती, लहानपणी कविता घोकावी तशी. तो आला तो ओल्या बुटांनी, हातात कागदाच्या पुडीत एक पांढरं पीस घेऊन. “तुमच्या टेबलावरची धूळ उडवायला,” म्हणाला. चार वाक्यं कुठल्या कुठे गेली. “अजून एक आठवडा लागेल,” ती म्हणाली, आणि तो चक्क खूश झाला! तिला कळत होतं, हा आठवडा त्याच्या डोळ्यांतून जातोय. आणि तरी गुरुवारी सकाळी उठल्यावर तिला आधी आनंद व्हायचा, लाज मागून यायची.

पाचव्या गुरुवारी तो ठाम होता. “उद्या पक्ष्यांची वर्षातली मोठी मोजणी. मला दुपटीचा टेलिकन्व्हर्टर द्या. आकडा एवढा मोठा दिसला पाहिजे की लेन्सची खोडच चालणार नाही.”

“दुपटीचा चार हिश्शांतला एकच हिस्सा उजेड आत सोडतो. त्यात तुमच्या लेन्सचा ऑटोफोकस चाचपडतो आणि हात टेकतो. फोकस हाताने करावा लागेल.”

“करीन की. चौदा वर्षांचा हात आहे.”

तिने झूम तीनशेच्या पुढे नेला, दुपटीचा बसवला, तिवई दुकानाच्या दारात मांडली. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्यावर एक कबूतर पिसं फुलवून बसलं होतं. त्याने डोळा लावला. रिंग सावकाश फिरवली, मागे आणली, पुन्हा पुढे. श्वास रोखून. कितीतरी वेळ.

“झालं!” तो बाजूला झाला. त्याचा चेहरा उजळला होता. “बघा. आता म्हणा पुसट!”

धाकटीने डोळा लावला. कबूतर नव्हतं. राखाडी धुक्याचा एक गोळा होता, त्याच्या मागे दुसरं धुकं. तिने डोळ्याच्या नंबराची चकती फिरवून पाहिली. तेच धुकं. बटण दाबून फोटो काढला, तो उघडून पाहिला. तेच.

“कसं आहे?”

उत्तराची वाटही न बघता तो बोलत सुटला. “खरं सांगू? मला वाटत होतं… माझंच काहीतरी… जाऊ दे. तुम्ही इतके आठवडे खपलात या लेन्सवर, म्हणून वाचलो. मिस्त्रीबाई, मोजणी संपली की मी येणार आहे. लेन्स न घेता. काही बिघडलेलं नसताना. नुसता. चालेल?”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आत काउंटरवर वहिनीचं पेन थांबलं.

धाकटीला हवं होतं ते सगळं तिच्या समोर, हातभर अंतरावर उभं होतं. नुसतं ‘चालेल’ म्हणायचं होतं. उद्या पहाटे तो चिखलात बसला असता, धुक्यातले आकडे वाचून आनंदाने कागदावर उतरवले असते त्याने. पुढच्या गुरुवारी दाढी करून आला असता. आणि एखाद्या डॉक्टरने कुणाला तरी म्हटलं असतं, महिनाभर आधी आणलं असतं तर…

“चालेल ना?” त्याने पुन्हा विचारलं. मान वळवून, तिचा चेहरा शोधत.

तिने त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. तो बर्फासारखा गार होता. की तिचाच होता, कोण जाणे.

“नुसते या, लेन्स घेऊन या, नाहीतर कधीच येऊ नका,” ती म्हणाली. “पण उद्या मोजणीला जायचं नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर, नको म्हणालात तर बहिणीला घेऊन जा.”

“डोळ्यांच्या? का?”

“लेन्स पहिल्या दिवसापासून चांगली आहे हो. तुम्हाला दिसेनासं झालंय. मला हे तिसऱ्या गुरुवारपासून माहीत आहे… आणि तुम्ही येत राहावं म्हणून मी बोलले नाही.”