वळण्याआधीचा थांबा

रविवारी दुपारी साडेचारला, भर उजेडात, पडद्यावरचे पाचही नर्तक एकाच क्षणी थांबले.

थांबायचं नव्हतं.

हे घडलेलं आहे, जसं घडलं तसंच सांगतोय. पदरचं काही घातलेलं नाही. ना अमावस्या होती, ना वारा, ना कुठे कुत्रं रडत होतं. तिसऱ्या मजल्यावरची साधी खोली. ऊन थेट टेबलावर येतं म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला. खाली कोणीतरी नळी लावून गाडी धूत होतं.

टेबलाशी चिमी बसली होती. पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिमी म्हणणारी माणसं जगात दोनच उरली होती, आई आणि नवरा. तिसरी ताई. ती चार महिन्यांपूर्वी गेली.

चिमीचं काम नाच बसवण्याचं. पण माणसांचा नाही.

इंटरनेटवर एक आभासी जग आहे. लोक तिथे आपापला अवतार घेऊन वावरतात, गप्पा मारतात, नाटकं-नाच बघतात. अवताराला स्वतःहून नाचता येत नाही. त्याला नाचाचे तयार तुकडे द्यावे लागतात. एका तुकड्यात पाऊल, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात गिरकी. कुठला तुकडा किती सेकंद चालेल ते ठरवून सगळे एका माळेत ओवायचे आणि माळ गाण्यावर बसवायची. एक सेकंद चुकला तर अवतार विजेचा झटका बसल्यासारखा उडतो आणि बघणारे हसतात.

त्या जगाचा एक पक्का नियम आहे. परवानगीशिवाय कोणी कोणाला नाचवू शकत नाही. आधी समोर चौकट येते, अमकी तुम्हाला नाचवू इच्छिते, हो की नाही? ‘हो’ दाबलं की तुमचा अवतार तिच्या हवाली.

ताई खरी नृत्यशिक्षिका. गुडघे गेले, मग अंथरूण धरलं. शेवटची दोन वर्षं ती पडल्या पडल्या अवतारांना नाचवत होती. तिचा शेवटचा नाच अर्धाच राहिला.

तो चिमीने पुरा करायला घेतला होता, आईसाठी.

“डोळे आहेत तोवर मोठीचं शेवटचं काम मला दाखव,” आई म्हणाली होती. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांना फार तर वर्ष दिलं होतं.

आज सहा वाजता प्रयोग. आणि साडेचारला, पहिल्या मोठ्या गिरकीच्या तोंडाशी, पाचही जण थांबले. चार सेकंद. मग वळले आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे नाचत राहिले.

चिमीने माळ उघडून पाहिली. एक तुकडा संपतो, लगेच दुसरा सुरू. मध्ये काहीही नाही.

पुन्हा लावली.

पुन्हा थांबले.

“बल्ब, हे काय आहे?” ती हेडफोनमध्ये ओरडली.

बल्ब म्हणजे आभासी जगातल्या त्यांच्या नाचमंडळाची प्रकाशयोजना बघणारा. दुसऱ्या शहरात राहायचा. दोघं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, पण भांडायची सख्ख्या भावंडांसारखी.

“तुझं इंटरनेट बैलगाडीवरून येतं,” बल्ब म्हणाला.

“मग गाणं कसं थांबत नाही? गाणं नीट चालतंय, फक्त हे पुतळे थांबतात.”

“सगळं पुसून नव्याने बसव.”

“तेच करत्येय मगापासून! माझ्या हातून आता मशीन फुटेल.”

नवरा दारात चहा घेऊन उभा होता. “मशीनवर राग काढू नकोस. ते बिचारं माझ्यासारखं आहे, सांगितलं तेवढंच करतं.”

“तुम्ही सांगितलेलं तरी कधी करता?”

नवऱ्याने कप ठेवला आणि काढता पाय घेतला.

चिमीने सगळी माळ पुसली. एकेक तुकडा नव्याने ओवला, सेकंद दोनदा तपासले. पाच वाजून गेले होते.

नाच सुरू झाला. पाऊल, हात, पाऊल…

थांबले.

आणि त्या थांब्यात आवाज आला.

कट्…

कोरडा, वाळकी काडी मोडावी तसा.

मग सगळे वळले.

चिमीने हेडफोन काढले. खालच्या नळीचा आवाज बंद होता. पंखा फिरत होता, पण त्याची नेहमीची घरघर नव्हती. टेबलावरच्या हेडफोनमधून बल्बचा बारीक आवाज येत होता.

“ए, तुझ्याकडे काय मोडलं?”

काही मोडलं नव्हतं. तो आवाज चिमीच्या ओळखीचा होता. घरात सगळ्यांच्याच ओळखीचा. ताई वळायची तेव्हा तिचा उजवा गुडघा असाच वाजायचा.

“वळण्याआधी थांबावं,” ताई शिकवायची. “आधी गुडघ्याला सांगावं, मग वळावं.”

आभासी जगातही ती प्रत्येक गिरकीआधी चार सेकंद ठेवायची. त्यावरून दोघींची रोज जुंपायची.

“अगं ताई, इथे कुणाला गुडघे आहेत? लोकांना वाटतं मशीन अडकलं!”

“वाटू दे.”

ताई गेल्यावर चिमीने काय केलं, तर तिच्या अर्ध्या नाचातले सगळे थांबे कापून टाकले. नाच गुळगुळीत दिसावा म्हणून.

खाली नळी पुन्हा सुरू झाली. पंखा घरघरू लागला. चिमीला तेव्हा भीती वाटली नाही. संताप आला. मेल्यावरसुद्धा हिचाच हेका! पण थांबा परत ठेवायचा तर पुढची सगळी माळ नव्याने गाण्यावर बसवावी लागणार होती. तेवढा वेळ नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन. आई पलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. ताईने तिला टॅबलेट दिला होता, त्यात तिच्यासाठी अवतारही केला होता. पांढरा अंबाडा, निळी साडी, अगदी आईच.

“चिमे, चौकट आलीय. आवाज चालू करू का, विचारतंय.”

“हो म्हण.”

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. “आता म्हणतंय, खुर्चीवर बसू का?”

“हो म्हण, आई.”

तिसरा फोन आला तेव्हा चिमी एका हाताने माळ तपासत होती.

“चिमे, परत एक आलीय. ही तुझी—”

“आई, जे विचारेल त्याला हो म्हण! मला फोन करू नकोस!”

तिने फोन आपटला. नाच बसवणारं दुसरं कोणीही असं सांगणार नाही. तिथे पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असतो, नाव वाचल्याशिवाय ‘हो’ दाबायचं नाही. नवशिक्यांना चिमी स्वतः हे बजावून सांगायची.

सहाला प्रयोग सुरू झाला.

पाऊल, हात, पाऊल…

पाचही जण सरळ वळले. थांबा नव्हता. गिरकी लोण्यासारखी गेली.

“झालं बघ!” बल्ब म्हणाला. “उगाच माझं डोकं खाल्लंस.”

चिमीने पहिल्यांदा पाठ टेकली. आई बघतेय ना, ते पाहायला तिने पडद्यावरचं दृश्य प्रेक्षकांकडे फिरवलं.

आई खुर्चीवर नव्हती.

शेवटच्या रांगेमागे, अंधाऱ्या भिंतीशी, निळी साडी नाचत होती. तीच माळ. पाऊल, हात, पाऊल… आणि थांबली.

चार सेकंद.

मग डावीकडे वळली.

“बल्ब, आईला नाचात कोणी घेतलं?”

“कोणीच नाही. माझ्याकडे पाचच दिसतायत.”

चिमीने आईला फोन लावला. “आई, तू कशाला हो म्हटलंस?”

“तूच म्हणालीस ना, सगळ्याला हो म्हण! आणि मोठीने विचारल्यावर नाही कसं म्हणू?”

“कोणी विचारलं?”

“अगं, नाव आलं होतं तिचं. मला काय माझ्या पोरीचं नाव वाचता येत नाही? तेच तर मघाशी सांगत होते, तर तू फोन आपटलास.”

ताई गेली त्याच महिन्यात तिचं खातं बंद झालं होतं. चिमीने स्वतः अर्ज केला होता. बल्बने त्या संध्याकाळी सगळं उलटंपालटं करून शोधलं. ताईच्या नावाचं काहीच सापडलं नाही.

दिलेली परवानगी काढून घ्यायची सोय असते. चिमीने ती काढली. आईचा अवतार पुसला, खातं बंद केलं. टॅबलेट घरी आणून कपाटात टाकला.

मंगळवारी आई फोनवर बोलत होती.

“मग मी त्या कामवालीला म्हटलं…”

शांतता.

“आई?”

कट्…

“…की उद्या लवकर ये. तर ती म्हणते, मला जमायचं नाही.”

“आई, तू मध्ये थांबलीस का?”

“कुठे थांबले? तुझा फोनच धड नसेल.”

आईचे गुडघे ठणठणीत आहेत. ते कधीच वाजले नाहीत.

डॉक्टर झाले. मेंदूच्या तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ. “वय झालं,” एक म्हणाले. “तुम्ही विश्रांती घ्या,” दुसरे चिमीलाच म्हणाले. चिमी तिथेच हात जोडून रडायच्या बेतात आली होती. सेकंदांशी ज्याचं देणंघेणं नाही, त्याला सेकंद कसे समजावून सांगायचे?

कारण थांबा वाढत होता. आठवड्याने तो सहावर गेला, मग नऊवर. चिमीला घड्याळ लागत नाही, तिचा धंदाच तो.

“ताई, चुकलं माझं,” एकदा ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. “थांबे परत ठेवलेत बघ सगळे. आता तिला सोड.”

खरंच ठेवले होते. काही फरक पडला नाही.

परवा संध्याकाळी चिमी आईकडे होती. आई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. कप हळूहळू कलत होता. चहा काठावरून पायावर सांडला तरी आईला कळलं नाही. चिमी मनात मोजत राहिली.

कट्…

आई डावीकडे वळली. उजवीकडे खुर्ची होती, टेबल होतं. डावीकडे नुसती भिंत.

“इथे काय करत्येय मी?” आई म्हणाली आणि हसली.

चिमी आईला आपल्या घरी घेऊन जायला निघाली, तर आईने ऐकलं नाही. “मला काय धाड भरलीय?”

आज सकाळी दहाला चिमीने फोन केला. आईने उचलला. “हॅलो” म्हणाली.

पुढे काही बोलली नाही.

चिमी टॅक्सीत आहे, फोन कानाला लावून. मध्ये दोन चौक आणि एक पूल राहिलाय. नवरा आईच्या शेजाऱ्यांना फोन लावतोय, कोणी उचलत नाही. चिमीने मोजणं केव्हाच सोडलं आहे.

फोन कट झालेला नाही. पलीकडून आईचा श्वास ऐकू येतोय.

तो आवाज अजून आलेला नाही…