शेडखालची शेड

शनिवारी सकाळी बाईंनी चौथा दिवा टेबलावर घेतला, तेव्हा त्यांच्या जिवाला एकच घोर होता. उद्या दुपारी लेक येणार. त्याआधी हा तयार हवा.

शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. आता घराच्या पुढच्या खोलीत त्या मुलांना जुने टेबल-दिवे नवे करायला शिकवत. जुन्या सामानाच्या दुकानातून वापरलेले दिवे आणायचे, पितळ घासायचं, वायर बदलून घ्यायची आणि तारेच्या सांगाड्यावर हाताने शिवलेली कापडी शेड चढवायची. पण गेल्या दोन महिन्यांत बाई एकदा गॅस चालू ठेवून बाजारात गेल्या होत्या, आणि एकदा स्वतःच्याच गल्लीत घर कुठलं ते न आठवून उभ्या राहिल्या होत्या. ते लेकीच्या कानावर गेलं. "आई, बास झालं. आता तू माझ्याकडे चल," ती म्हणाली. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की वाचनालयाने मागवलेले चार दिवे बाईंनी कुणाच्याही मदतीशिवाय पुरे केले, तर वर्ग चालू राहील. नाहीतर खोलीला कुलूप.

तीन झाले होते. चौथ्यावर मळकट पिवळी शेड होती. ती आधी काढायला हवी. जुन्या कापडावर नवं चढवू नये, हे त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत. "अंघोळ न करता नवे कपडे घालता का रे?" असं विचारलं, की अख्खा वर्ग आनंदाने "हो!" म्हणून ओरडे.

बारीक कात्रीने त्या खालच्या कडेचे टाके उसवू लागल्या. वीसेक टाके झाले आणि त्यांचा हात थांबला.

सहा टाक्यांनंतर सातवा दुहेरी. पुन्हा सहा, पुन्हा दुहेरी. ही त्यांची लहानपणापासूनची सवय. दोरा कुठे तुटलाच, तर सहाच टाके सुटावेत, सगळी कड नाही. असेल एखाद्या विद्यार्थिनीचं काम, त्यांनी मनाशी म्हटलं. ही सवय त्यांनी शेकडो मुलांना लावली होती. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टाके उलट्या बाजूला कलले होते. बाई डावखुऱ्या होत्या. आणि टाके कापरे होते, गेल्या वर्षापासून त्यांच्या हातून पडतात अगदी तसे.

पिवळ्या कापडाखाली निळं कापड होतं.

म्हणजे हा दिवा आपणच आधी कधीतरी केला आणि साफ विसरलो? पायात चपला सरकवून त्या थेट दुकानात गेल्या.

"तो पिवळ्या शेडचा दिवा मी आधी कधी नेला होता का हो इथून? आणि परत आणून दिला, असं काही?" त्यांनी जमेल तितकं सहज विचारलं.

दुकानदार हसायला लागला. "काय बाई! माझ्या वडिलांच्या वेळचा दिवा तो. गुरुवारी तुमच्यासमोरच शिडी लावून माळ्यावरून काढला ना? मला अजून शिंका येतायत. इतक्या वर्षांत उंदरानेसुद्धा विचारलं नाही त्याला. का? काही मोडलंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मोडलेलं काही नाही."

परतताना त्यांना हायसं वाटलं. आपण विसरलेलो नाही. पण घराच्या पायऱ्या चढेपर्यंत ते हायसं वाटणं विरून गेलं होतं.

पिवळं काढल्यावर दिसलेले निळ्या कापडाचे टाके सरळ आणि ठाम होते, चाळिशीतल्या हाताचे. कापड मात्र पिवळ्यापेक्षा कितीतरी जुनं, विटलेलं. त्याखाली हिरवं. त्याचे टाके लांब लांब, उतावळे. लग्नाआधी त्या असंच शिवत, आणि आई म्हणे, "शिवतेस की पळतेस गं?"

प्रत्येक सातवा टाका दुहेरी.

बाईंनी कात्री खाली ठेवली. उसवत बसायचं कशाला? वरून नवं कापड ताणून शिवलं, तर संध्याकाळपर्यंत दिवा तयार होईल. कुणाला कळणार आहे? त्यांनी कापड बेतलंसुद्धा. सुईत दोरा ओवला. मग त्यांच्या मनात आलं, की आपल्याआधी या दिव्यावर शिवणाऱ्या प्रत्येकीने हेच केलं असणार. खालचं पाहिलं असणार, आणि झाकलं असणार.

त्यांनी सुई ठेवून पुन्हा कात्री उचलली.

रविवारी दुपारी लेक आली, तेव्हा तीन दिवे खिडकीत मांडलेले होते आणि चौथा टेबलावर अर्धवट उसवलेला पडला होता.

"राहिला ना गं एक?" ती हळूच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

बाईंनी तिच्या हातात पिवळं कापड दिलं. मग निळं. मग हिरवं. लेकीचं सगळं बालपण आईने शिवलेल्या कपड्यांत गेलं होतं. तिने कडांवरून बोट फिरवलं.

"तूच शिवलंयस की हे. सगळंच."

"दुकानदाराला फोन कर. दिवा कुठे होता, ते विचार."

लेक बराच वेळ फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तू विसरलेली नाहीयेस, आई."

कालपासून बाई याच वाक्याची वाट पाहत होत्या. आता ते ऐकून त्यांना काहीच वाटलं नाही.

सांगाड्यावर अजून एक कापड होतं. पांढरं. टाके वेडेवाकडे, सात-आठ वर्षांच्या मुलीचे.

"याला मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या.

लेकीने कात्री उचलली. एक दुहेरी टाका कापला.

कापड सैल झालं. तिने दिवा फिरवला.

मागच्या बाजूला कड अर्धीच शिवलेली होती. शेवटच्या टाक्यापाशी सुई टोचून ठेवली होती. तिला गंज नव्हता. नेढ्यातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

लेकीने ते चिमटीत धरलं, आणि चटकन बोटं मागे घेतली.

ओवण्याआधी ओठांत धरतात, तेवढंच टोक ओलं होतं.