अक्कानं पसंत केलेला टीव्ही

नव्वद सालची गोष्ट. टीव्ही घ्यायला परभणीला निघालो तेव्हा एसटीतच मी अक्काला बजावलं होतं, "दुकानदार कलर गळ्यात मारंल. आपल्याला ब्लॅक-अँड-व्हाइटच घ्यायचाय." मी शाळेत विज्ञान शिकवतो. वस्तू ठोकून-बजावून घ्यावी हा माझा स्वभाव.

अक्काला टीव्हीची हौस नव्हती. तिला एकच कॅसेट बघायची होती, रुख्मिणीच्या लग्नाची. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. पोरीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. अक्कानंही बघितलं नव्हतं. पुढं सात महिन्यांत रुख्मिणी सासरच्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. एकुलती एक पोर. तिच्या लग्नातला तेवढाच भाग अक्काचा बघायचा राहिला होता.

दुकानदारानं व्हीसीपीत कॅसेट घातली आणि आधी छोटा ब्लॅक-अँड-व्हाइट लावला. अंतरपाट, मुंडावळ्या, खाली मान घातलेली रुख्मिणी. मामा म्हणून मी तिच्या मागं उभा, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. अगदी मला आठवत होतं तसं. अक्कानं पदर तोंडाला लावला.

"झालं तर मग, हाच," मी म्हणालो.

"त्यो कलर बी लावा की, भाऊ," अक्का दुकानदाराला म्हणाली.

कलरवर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली. तिसऱ्या मंगलाष्टकाला रुख्मिणीनं मान वर केली, मागं माझ्याकडं वळली आणि काहीतरी विचारलं.

तसं घडलं नव्हतं. माझे हात तिच्या खांद्यांवर होते. ती वळली असती तर मला कळलं असतं. टेप ताणली असेल, व्हीसीपीचं हेड घाण झालं असेल, मी मनाशी म्हणालो. दुकानदाराला हेड पुसायला लावलं. पुन्हा तेच. ब्लॅक-अँड-व्हाइट लावला, तर तिची मान खालीच.

"काय विचारायलीय रे तुला?" अक्का म्हणाली.

"काही न्हाई. ह्या सेटातच खोट हाय. डोळ्याला बी तरास."

"मला हाच पायजे."

रुख्मिणीला ते स्थळ मी आणलं होतं. भावजी गेल्यापासून अक्का सगळं माझ्या शब्दावर करायची. गंगेपलीकडचं, म्हणजे गोदावरीच्या पल्याडचं घर, मातब्बर, हुंडा मागत नव्हते. दुरून डोंगर साजरे. नवऱ्याची पहिली बायको त्याच विहिरीत गेली होती, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते, रोज वाटते. पण अक्काला सांगायची छाती कधी झाली नाही.

टीव्ही आणि व्हीसीपी वालूरला अक्काच्या घरी आले. आठ दिवसांनी, रविवारी दुपारी मी गेलो. अक्का पडद्यापुढं सतरंजीवर बसली होती. कॅसेट चालू होती.

"ये, नागनाथ. सनई दिसंदिस बारीक व्हायलीय. आता पोरीचं बोलणं ऐकू यायलंय."

"काय म्हणती?" मी तिच्याशेजारी टेकलो.

"तूच ऐक."

भटजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वाजंत्री गाल फुगवून वाजवत होते, आवाज नव्हता. रुख्मिणी मागं वळली.

"मामा, पहिलीचं काय झालतं?"

मी उठलो. बटण दाबून कॅसेट बाहेर ओढली. ती माझ्या हातात होती.

पडद्यावर मी वाकत होतो, तिच्या कानाशी.

"अक्का, बंद कर ते!"

"थांब. तू काय म्हनलास तेवढंच ऐकायचं राहिलंय."

मी भिंतीतली टीव्हीची पिन उपसली. पडदा विझला नाही.

आवाज माझाच होता. "तुझ्या आईला सांगू नको."

रुख्मिणीनं माझ्यावरची नजर काढली, समोर बघितलं, सरळ अक्काकडं, आणि बोलू लागली. तिचे ओठ मला दिसत होते. शब्द एकही ऐकू येत नव्हता.

अक्का पुढं सरकून ऐकत होती. "हां... हां," म्हणत होती, आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होती.