चार बोटं गाळ

फोन दुपारी बारा वीसला आला. बेसा रोडच्या पलीकडच्या एका लेआउटमध्ये घराच्या सेप्टिक टँकमध्ये माणूस पडलाय. सहायक पोलीस निरीक्षक भैरवी ढोके नुकतीच डबा उघडून बसली होती. तिनं तो तसाच बंद केला. वर्षातलं हे तिसरं प्रकरण, आणि आधीची दोन्ही कशी मिटली ते तिला पाठ होतं. माणूस प्यायलेला होता, तोल गेला, पडला, मेला. अकस्मात मृत्यू. कागद फायलीत, फाईल कपाटात. दोन्ही कागदांवर सही तिचीच होती.

ती पोचली तेव्हा अग्निशमनच्या लोकांनी प्रेत वर काढून अंगणात ठेवलं होतं. पन्नाशीचा, अंगानं किरकोळ माणूस. लहानू डोंगरे, मैला उपसणाऱ्या खाजगी टँकरवरचा मजूर. टाकीचं झाकण बाजूला होतं आणि आत कमरेइतकं पाणी होतं.

घर मधुकरराव देवतळे यांचं. वय शहात्तर, निवृत्त अभियंता, इस्त्रीचा सदरा. त्यांनी आधी भैरवीला सावलीत खुर्ची दिली. मग बोलले. आवाज शांत होता, शब्द मोजके.

"टँकरनं अर्धीच टाकी उपसली, मॅडम. पहिली खेप घेऊन ड्रायव्हर साडेदहाला गेला. हा झाकणापाशी बसून राहिला. तोंडाला दारूचा वास येत होता. मी आत जाऊन पडलो. बाराला उठून पाहतो, तर हा आत."

"घरात आणखी कोण होतं?"

"सून होती, कामिनी, स्वयंपाकघरात. मुलगा जितेंद्र दहालाच धरमपेठेत गेला, साड्या आणायला. रविवारी नातीचा साखरपुडा आहे, पायलचा."

भैरवीनं लिहून घेतलं. मग काही सुचेना म्हणून विचारलं, की ही टाकी चालते तरी कशी. मधुकररावांची कळी खुलली. टाकी त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, चौदा वर्षांपूर्वी. गटर लाइन या भागात अजून यायची आहे. टाकीचे दोन कप्पे, मधे भिंत. जड ते तळाशी बसतं, तेलकट ते वर सायीसारखं धरतं, आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेरच्या शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत जिरतं. लोक टाकी भरली म्हणून घाबरतात, पण टाकी भरलेलीच असायला हवी. वाढतो तो गाळ. तो दर तीन वर्षांनी काढायचा.

"काढायचा म्हणजे सगळा नाही," ते म्हणाले. "तळाशी चार बोटं ठेवायचा. विरजण असतं ते. त्यातले जंतूच पुढचा मैला खातात. आमची सूनबाई संडासात बाटलीभर ॲसिड ओतते, सांगून सांगून थकलो."

मग त्यांनी पाणी विचारलं. नळाला धार नव्हती, तेव्हा खिशातून किल्ली काढून त्यांनी भिंतीवरची पेटी उघडली आणि बोअरची मोटर चालू केली. दोनदा जळली मोटर, ते म्हणाले, तेव्हापासून किल्ली माझ्याचजवळ असते.

भैरवी पाणी पिता पिता इकडेतिकडे पाहत होती. मागच्या अंगणात दोन खांब होते, दोन्हीला हुक होते, मधे काही नव्हतं. ओले कपडे कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातले होते. दोर कुठाय म्हणून विचारल्यावर कामिनी म्हणाली, तुटला. पेरूच्या झाडाखाली माती नुकतीच उकरून सारखी केलेली दिसत होती. रविवारची तयारी, असं कामिनीनं सांगितलं. तिचे डोळे लाल होते. घरात माणूस मेल्यावर कोणाचेही होतील, असं भैरवीला वाटलं.

दीडला जितेंद्र आला. पंचेचाळिशीचा, भरल्या अंगाचा. साड्यांच्या चार पिशव्या त्यानं कोपराला अडकवल्या होत्या. चहा आला तेव्हा नको म्हणाला, आणि सगळा वेळ मुठी मिटून बसला. 

ठाण्यात साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की उद्यापर्यंत मिटवा. बाहेरच्या बाकावर लहानूची बायको कांताबाई बसली होती. ती रडत नव्हती. कोणा शिपायानं तिला आतल्या कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं होतं.

"मॅडम, दारुडा नोका लिहू त्याईले," ती म्हणाली. "सहा वर्षं झाले, थेंब नाही घेतला. पोरीच्या सोयरिकीसाठी सोडली. असं लिहिलं तर लोक म्हणतीन, पिऊन मेला. मंग जलमभर तेच."

भैरवीनं विचारलं, की टाकीत उतरायची त्यांना सवय होती का.

"आंधी उतरत. आता मशीन आली तं नाही उतरत. मी शप्पथ घातलती. पण कोणी दोनदा म्हटलं का त्याईले नाही म्हणता येत नव्हतं, मॅडम. लहानपणापासून तसेच."

घरी जा म्हटलं तरी कांताबाई गेली नाही. त्या कागदावर काय राहील, हे कळेपर्यंत ती तिथंच बसणार होती. उद्या सही झाली की लहानू कायमचा दारुडा ठरणार होता, आणि आधीच्या दोघांच्या बायकाही अशाच बसल्या होत्या हे भैरवीला आठवलं. लाज वाटली तिला. थकवाही आला, तो वेगळाच.

संध्याकाळी टँकरचा ड्रायव्हर प्रेमानंद सापडला. भीतीनं त्याची बोबडी वळली होती.

"टाकी अर्धी उपसली की पूर्ण?"

"पूर्ण, मॅडम. पाइप हवा खाऊ लागला तवाच बंद केली. खाली चार बोटं गाळ ठेवला, आमी ठेवतोच. लहानूदादानंच शिकवलं मले."

"मग लहानूला मागे काहून सोडलं?"

"झाकण बसवाले. आन घरवाल्याईले सांगाले, का टाकीत आता पाणी सोडा. रिकामी नाही ठेवत ना." तो थांबला. "त्या घरचा भाऊ तिथंच उभा होता, जितेंद्रभाऊ. म्हणे खालून घासून द्या, चकाचक, रविवारी पाहुणे आहेत, वास नको. मी नाही म्हटलं आन गाडी काढली. टँकर खाली करून परत येतो तं पोलीस उभे. मी तसाच पुढं गेलो."

तो खरं बोलत असेल किंवा स्वतःची कातडी वाचवत असेल. मजुराला एकटं सोडून गेलेला माणूस काहीही बोलेल. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवीनं दुसरा टँकर बोलावला आणि पंचांसमोर टाकी पुन्हा उपसली. पाणी गढूळ होतं, पण मैल्याचा दाट काळा रंग त्याला नव्हता. पाणी उतरल्यावर तिनं टॉर्च मारला. पहिल्या कप्प्याचा तळ सिमेंट दिसेपर्यंत साफ होता, कोपऱ्यांसकट. दुसरा निम्मा साफ होता आणि निम्म्यात काळा गाळ तसाच होता.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. तिनं दोन प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

मग ती आत गेली. दिवाणखान्यात तिघंही होते. मधुकरराव खुर्चीत, जितेंद्र सोफ्यावर, कामिनी दारात. पायलला मामाकडे पाठवलं होतं.

"जितेंद्रभाऊ, हात दाखवा," भैरवी म्हणाली.

जितेंद्रनं वडिलांकडे पाहिलं. मग मुठी उघडल्या. दोन्ही तळहातांवर आडवे, लाल, सोललेले वळ होते.

"दोराचे आहेत," भैरवी म्हणाली. "काल पिशव्या कोपराला काहून अडकवल्या, ते कळलं."

ती उभी राहूनच बोलली. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात त्राण नव्हतं.

"घसरून पडलेला माणूस दीड कप्पा घासून मग पडत नाही. लहानूला आत उतरवलं होतं. हातानं, फावड्यानं. आणि गाळ वर काढायला घमेलं लागतं, घमेल्याला दोर लागतो, दोर ओढायला वर माणूस लागतो. दोर तुमच्या कपड्यांचा होता. गाळ पेरूच्या झाडाखाली पुरला आहे, माझे लोक आत्ता उकरताहेत. तुम्ही दहाला धरमपेठेत गेला नव्हता, जितेंद्रभाऊ. साडेदहाला तुम्ही टाकीपाशी होता, चकाचक करून द्या म्हणत."

जितेंद्रनं मान खाली घातली.

"आता हे करायला सांगणारा कोण? मधुकरराव नव्हे. टाकी घासायची नसते, हे त्यांनीच मला कौतुकानं समजावलं. लहानूलाही ते ठाऊक होतं. घासा म्हणणारा माणूस टाकीला पातेलं समजणारा होता. तळाचा गाळ ढवळला की त्यातून गॅस सुटतो. दुसऱ्या कप्प्यात लहानू कोसळला. तुम्ही दोर ओढला, खरंच ओढलात, हात सोलून निघाले. पण दोर लहानूच्या हातातून सुटला."

"मी ओरडलो," जितेंद्र पुटपुटला. "बाबा बाहेर आले."

"हो. आणि इथून पुढचं तुमच्या बाबांचं." भैरवी मधुकररावांकडे वळली. "माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, तुरुंग आहे, हे तुम्हाला माहीत. कोरडी, घासलेली टाकी आणि तळाशी माणूस, हे पाहिलं की शेंबडं पोरही सांगेल की त्याला कोणीतरी उतरवलंय. पण टाकी अर्धी भरलेली असली तर? तर तो पडला. कोणी उतरवलं नाही. म्हणून तुम्ही बोअरचा पाइप आत सोडला. मुलाला बाजारात धाडलं, सुनेला दोर नाहीसा करायला लावला, आणि दारूच्या वासाची गोष्ट तुम्ही रचली. काल मला टाकीचं सगळं शास्त्र सांगितलंत. उपसल्यावर टाकीत पाणी सोडायचं असतं, एवढं एकच सांगायचं टाळलंत. ते मला ड्रायव्हरनं सांगितलं. आणि मोटरची किल्ली दुसऱ्या कोणाकडे नसते, हे तुम्हीच म्हणालात."

मधुकररावांनी चष्मा काढला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"तो गेलाच होता, मॅडम," ते म्हणाले. "हलत नव्हता. गेलेल्या माणसापायी माझ्या पोरानं तुरुंगात का जावं? रविवारी नातीचं कार्य. मी पोरगा वाचवला फक्त."

"उतरून पाहिलंत का?"

"मी? त्या गॅसमध्ये?"

"मग कसं कळलं, की तो गेला?"

भैरवीला पुढचं वाक्य बोलावंसं वाटत नव्हतं. पण ते तिच्याशिवाय कोण बोलणार होतं.

"डॉक्टरांचा फोन आला होता. दारू नाही, एक थेंब नाही. गॅसनं मेला असता तर छातीत पाणी नसतं. मैल्यात बुडाला असता तर घशात मैला असता. लहानूच्या छातीत नुसतं गढूळ पाणी होतं, मधुकरराव. बोअरचं. तो बेशुद्ध होता. श्वास चालू होता. गॅसनं नाही मारलं त्याला."

मग जितेंद्र हळूहळू वडिलांकडे वळला.

"बाबा, मी म्हणत होतो ना, फायर ब्रिगेडले फोन करू," तो म्हणाला. "मोबाईल हातातून तुम्ही घेतला माझ्या."

दारातली कामिनी भिंतीला धरून खाली बसली.

दोघांनाही गाडीत बसवून भैरवी ठाण्यात आली. साहेबांना सांगून झालं, नवा गुन्हा लिहून झाला. एक उतरवल्याचा, एक जीव घेतल्याचा. जुना कागद तिनं स्वतः रद्द केला. मग ती बाहेर आली. कांताबाई बाकावरच होती, प्रेत ताब्यात मिळायची वाट पाहत. भैरवी तिच्याशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. दारू नव्हती हेही, आणि पाण्याचंही.

कांताबाईनं पदर तोंडाशी धरला.

"किती वेळ जित्ता होता, मॅडम?"

"पाणी चढेपर्यंत. पंधरा मिनिटं तरी. जास्तच असेल."

"तेवढ्यात निघला असता?"

"अग्निशमनची गाडी दहा मिनिटांत पोचली होती काल," भैरवी म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं.

"म्हाताऱ्याले माहीत होतं का, का जित्ता आहे म्हणून?"

"नव्हतं, कांताबाई."

"मंग आता सांगतलं का तुमी त्याले?"

"सांगितलं."

कांताबाईनं मान हलवली आणि पदर सारखा केला.

"बरं केलं," ती म्हणाली.