चिठ्ठीखालची तारीख

आबांच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला खालच्या कडेने कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर आबांच्या अक्षरात चार नंबर होते — डॉक्टर, गॅस, मालवण स्टँड आणि नेट. चौथा नंबर मी घरातल्या लँडलाईनवरून लावला तो ऑक्टोबरातला एक सोमवार होता. आबांना, माझ्या वडिलांना, जाऊन बावीस दिवस झाले होते.

पलीकडचा आवाज तरुण होता आणि कचेरीतलं मराठी बोलत होता. मी सांगितलं, ब्राऊझर उघडतो पण एकही पान येत नाही; कनेक्ट होऊ शकत नाही, एवढंच लिहून येतं. त्याने राऊटर बंद करून चालू करायला सांगितला. मग वायर काढून परत लावायला. मग हिरवा दिवा लागलाय का, ते विचारलं. लागला होता.

"म्हणजे नेट तुमच्या घरापर्यंत आलंय, मॅडम," तो म्हणाला. "आत यायला बिचकतंय फक्त."

मी हसले नाही. वाक्य मात्र चांगलं होतं. दहा वर्षं पुण्यात प्रूफं तपासण्यात घालवल्यामुळे चांगलं वाक्य माझ्या कानातून सुटत नाही.

ती नोकरी मी उन्हाळ्यात आबांच्या आजारपणासाठी सोडली आणि ऑफिसचा लॅपटॉप परत केला. आता एक प्रकाशक घरी बसून करायचं काम देणार होते, पण आधी परीक्षा होती. त्यांच्या साईटवर चाळीस पानं तपासायची, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. जमलं तर मी चौके गावातल्या या घरात राहणार होते. नाही जमलं तर घराला कुलूप, किल्ली शेजारच्या शेवंतीकाकीकडे आणि मी विरारला दादाकडे. त्याने खोली रिकामी करून ठेवली होती. मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची, आणि विहिरीच्या काठावर चाळीस पानं तपासता येत नाहीत.

तासाभरात तो आला. कौस्तुभ, धामापूरचा. खांद्यावर वायरचं भेंडोळं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी 'या' म्हणेपर्यंत तो पडवीतच थांबला. आत आल्यावर आबांच्या फोटोसमोर क्षणभर उभा राहिला आणि मग मशीनसमोर बसला. मी कोकम सरबत घेऊन येईपर्यंत पान उघडलेलं होतं.

काय झालं होतं, मी विचारलं.

"काही नाही… जरा मागे पडलं होतं," तो म्हणाला. सरबत प्याला, पेला खाली ठेवला आणि उठून चालता झाला. जाताना एक शब्द नाही. मला ते उद्धटपणाचं वाटलं.

परतीचा पाऊस होता. दुपार कलली की ढग काळे व्हायचे, गडगडायचं आणि लाईट जायची. लाईट परत यायची, ब्राऊझर मात्र पुन्हा कनेक्ट होत नाही म्हणायचा. मंगळवारी असंच झालं, बुधवारी, गुरुवारीही. मी फोन करायचे आणि तो यायचा.

दोघांचं बोलणं थोडंसंच व्हायचं. मी दिवसभर काय वाचत असते, हे त्याने विचारलं. चुका शोधते, असं सांगितल्यावर तो म्हणाला, आमच्या गाडीवर 'तप्तर सेवा' लिहिलंय, साहेबांना दोन वर्षांत कळलेलं नाही. मी म्हटलं, सेवा तशी गरमच दिसते, चारदा यावं लागतं म्हणजे… त्यावर त्याने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. मालवण स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर असलेले आबा त्याला किती मिनिटं उशीर झाला हे फोनवर मोजून सांगायचे, अशीही एक गोष्ट त्याने सांगितली. आबांबद्दल इतक्या दिवसांत ऐकलेलं ते पहिलंच वाक्य, ज्यात आजार नव्हता.

बुधवारी मी दारातून पाहिलं. त्याने नखाने आबांच्या नंबरांच्या चिठ्ठीचं एक टोक उचललं, खाली पाहून काहीतरी केलं, आणि कागद फाटू नये म्हणून अंगठ्याने सावकाश, पुन्हा होता तसा दाबून बसवला. काय केलं, ते मी विचारलं नाही. तो अंगठा मात्र बराच वेळ डोळ्यांपुढे राहिला.

शेवंतीकाकी कुंपणापलीकडून सगळं बघत होती. गुरुवारी ती म्हणाली, "तुझ्याकडची लाईट गेली काय त्या नेटवाल्या झिलाच्या तोंडार लाईट येता गो."

शुक्रवारी एकतीस पानं झाली होती तेव्हा वीज कडाडली आणि लाईट गेली. आली तेव्हा तीन वाजून गेले होते. नऊ पानं बाकी. ब्राऊझर कनेक्ट होत नव्हता.

कौस्तुभ नेरूरपारला खांबावर चढलेला होता. आता निघतो म्हणाला, पण या पावसात दोन तास तरी लागतील. मी सांगितलं, पाच वाजता सगळं संपतं. मग हे घरही बंद होतं.

"मॅडम…" तो म्हणाला, "ती चिठ्ठी जरा उचला."

खाली तारीख होती. एक जानेवारी दोन हजार बारा.

"ती आजची करा. बाकी काही करायचं नाही."

केली. अर्धं मिनिट लागलं. पानं आली. तो पुढे सांगत होता — मशीनमधला सेल संपलाय, लाईट गेली की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की ब्राऊझर कुठल्याच साईटवर विश्वास ठेवत नाही. आबा रोज सकाळी हाताने तारीख घालायचे. मी फोन ठेवला. पाचला वीस मिनिटं असताना नऊ पानं पाठवली. निकाल पुढच्या आठवड्यात लागला आणि घराला कुलूप लागलं नाही, पण ते नंतरचं.

सव्वापाचला तो पडवीत उभा होता, नखशिखांत भिजलेला. तळहातावर एक चपटा, गोल सेल.

"कधीपासून आहे हा तुमच्याकडे?"

"मंगळवारपासून. घड्याळवाल्याकडे मिळतो."

"परीक्षा गेली असती माझी."

"आजच आसा ता माका म्हायत नाय होता," तो म्हणाला. पहिल्यांदाच मालवणी. "पण चूक माझीच."

"चार दिवस अर्ध्या मिनिटाचं काम करायला यायचं आणि उठताना साधं 'येतो'ही म्हणायचं नाही. ही कुठली पद्धत?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"मयताच्या घरातसून उठताना 'येतंय' म्हणनत नाय," तो हळू म्हणाला. "परत तसोच प्रसंग येवचो नाय, म्हणान. आणि माका तर… परत येवचा होता. ता सांगू कसा? म्हटलां, सेल खिशातच रवांदे."

डॉक्टर, स्टँडवरचे लोक, सगळी वाडी… इतक्या दिवसांत सगळेच न बोलता उठून गेले होते. अठराव्या वर्षी गाव सोडलेल्या मला ते कळलंच नव्हतं.

मी त्याला टॉवेल दिला. त्याने मशीनचा डबा उघडला, मी मोबाईलचा टॉर्च धरला. निघालेले स्क्रू तो एकेक माझ्या तळहातावर ठेवत होता, आणि परत घेताना त्याला जरा जास्तच वेळ लागत होता. सेल बसला. त्याने मेन स्विच बंद केला, थोडं थांबून चालू केला. तारीख जागेवर होती.

"आता लाईट गेली तरी काही होणार नाही," तो पुन्हा कचेरीतल्या मराठीत म्हणाला. बातमी वाईट असावी तसा. मग त्याने मोबाईल काढला. प्रत्येक फेरीचं कारण त्यात भरावं लागतं म्हणाला. "पुढच्या वेळी यायचं तर तक्रार लागेल. काय लिहू?"

"तक्रार काही नाही, असं लिहा," मी म्हणाले. "आणि रविवारी जेवायला या. आबा गेल्यापासून या घरात मासे शिजले नाहीत. बांगडे आणीन म्हणते…"

मोबाईल खिशात गेला.

"बांगडे मी हाडतंय," तो म्हणाला. "ताजे खंयचे आणि बर्फातले खंयचे, तुका कळाचे नाय गो."

मॅडमचं 'गो' झालं होतं. मी चूक दाखवली नाही.