गरम इंजिन, गार स्टार्टर

या सौद्यात धाकट्याच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. एक तर थोरल्याची पिकअप: पन्नास वर्षांची, गोल दिव्यांची, लांब नाकाची, जिच्या मागच्या फळीवर बसून दोघे भाऊ शाळेत गेले होते. बापानं जाताना गाडी थोरल्याला दिली आणि धाकट्याच्या हातात पान्यांची पेटी ठेवली. आता तीच गाडी धाकट्याच्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये उभी राहिली असती, म्हणजे मेलेल्या बापाचाही निकाल फिरला असता. शिवाय सहा महिने कामापुरतं बोलणारी वहिनी पुन्हा माणसासारखं बोलली असती. एवढ्याच्या बदल्यात तिची अट एकच होती.

"गाडी तुमचीच, भाऊजी. फक्त गरम असताना ती एकदा माझ्यासमोर चालू करून दाखवा."

"एवढंच ना?"

"एवढंच."

वहिनी कारखान्याच्या गेटवर हजेरी लिहायची. उशिरा आलेल्या माणसाची सबब ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, आणि मग मिनिटंच लिहायची.

गाडीची खोड जुनी होती. थंड असताना किल्ली फिरवायचा अवकाश, इंजिन बोलायला लागायचं. पण दहा-बारा किलोमीटर पळवून बंद केली, की पुन्हा घेत नसे. नुसता 'टक्' असा आवाज, मग काही नाही. खाली स्टार्टरच्या अगदी अंगाला लागून सायलेन्सरचा पाइप जातो. त्याची धग लागू नये म्हणून मध्ये हातभर पत्रा असतो. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं स्टार्टर उतरवला तेव्हा तो पत्रा काढला आणि परत लावलाच नाही. वरच्या बोल्टपर्यंत हात जात नाही, कोपर सोलून निघतं. पत्रा शेडमधल्या खिळ्यावर गेला. थोरला तक्रार घेऊन आला की उत्तर ठरलेलं: "थंड होऊ दे, दादा. घेईल आपोआप." हे तो सगळ्यांनाच सांगायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नावच थंडोबा ठेवलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी, भर सकाळी, थोरला छातीत दुखतंय म्हणून एकटाच दवाखान्याकडे निघाला. रेल्वेचं फाटक बंद होतं. सवयीनं त्यानं इंजिन बंद केलं. फाटक उघडलं, गाडी घेईना. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या घातल्या, वळसा घालून निघून गेले. चाळीस मिनिटांनी गेटमननं दार उघडलं, तेव्हा थोरला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला होता.

धाकट्याला त्यानं फोन केला होता. "आला होता," धाकटा वहिनीला म्हणाला होता, "पण काही ऐकूच आलं नाही."

तर आता त्यानं पहिल्यांदा पत्रा लावला. कोपर सोललं, पण लावला. गाडी पळवून आणली, बंद केली, किल्ली फिरवली. टक्. बॅटरीची केबल बदलली. टक्. स्टार्टर नवाकोरा बसवला. टक्. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. तो बाजूच्या स्टुलावर बसून राहिला आणि कंटाळून पुन्हा किल्ली फिरवली, तर इंजिन सुरू. त्यानं घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशीही चाळीसच. तिसऱ्या दिवशी त्यानं एकोणचाळिसाव्या मिनिटाला मुद्दाम करून पाहिलं. टक्.

चौथ्या दिवशी इंजिन बंद केल्या केल्या तो गाडीखाली शिरला. पाइपाची धग तोंडावर येत होती, तेल उकळल्याचा वास होता, घाम डोळ्यांत उतरत होता. त्यानं फडकं गुंडाळून हात स्टार्टरवर ठेवला. मग फडकं काढलं आणि उघडा तळहात ठेवला.

स्टार्टर गार होता. सकाळच्या लोखंडासारखा नव्हे. थोरल्याला उचलताना मानेखाली हात घातला होता, तसा गार.

याची सबब त्याच्यापाशी नव्हती. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि उरलेले दिवस तळहात पँटला पुसत राहिला.

रविवारी वहिनी आली. रिकाम्या हातांनी, मनगटावर घड्याळ.

"फाटकापर्यंत जाऊ," ती म्हणाली.

"तिथंच कशाला, वहिनी?"

"गरम व्हायला हवी ना गाडी?"

फाटक बंद होतं. ऊन रणरणत होतं.

"बंद करा."

त्यानं इंजिन बंद केलं. आगगाडी धडधडत गेली, फाटक वर झालं. त्यानं किल्ली फिरवली. टक्. मागे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "अहो, संग्रहालयात ठेवा ते!" मग एकेक करून सगळे वळसा घालून गेले.

"थंड होऊ द्या," वहिनी म्हणाली. "घेईल आपोआप."

तिनं हे वाक्य कुठून उचललं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. काच बंद नव्हती, तरी आत हवा हलत नव्हती. सीट त्यानं पुढे ओढून घेतली होती. पण आता ती मागे सरकलेली होती, पाय पेडलला पुरत नव्हते. थोरला उंच होता.

"त्यांच्या फोनवर आहे," वहिनी समोर बघत म्हणाली. "एक मिनिट बावन्न सेकंद. एवढ्या वेळात काहीच ऐकू आलं नाही?"

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. टक्.

"मी बसते, भाऊजी. मला सवय आहे."

सात मिनिटं गेली. अकरा गेली.

"म्हणाला, छातीत कळ येतेय," धाकटा म्हणाला. "म्हणाला, ये. सकाळीच आमचं पत्र्यावरून वाजलं होतं. मला वाटलं, मी धावत यावं म्हणून सोंग करतोय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"थंड होऊ दे, म्हणालो."

इंजिन सुरू झालं.

धाकट्याचे दोन्ही हात मांडीवर होते. किल्लीला कुणी हात लावला नव्हता.

वहिनीनं घड्याळात पाहिलं, मान हलवली, दार उघडून खाली उतरली.

"शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "गाडी तुमची." आणि रूळ ओलांडून चालत घरी गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

गाडी आता कितीही तापली तरी पहिल्या किल्लीला घेते. थोरल्यानं चाळीस मिनिटं मोजली होती, वहिनीनं सहा महिने. उरलेलं धाकट्याच्या नावावर आहे. इंजिन बंद केलं की त्याचा उजवा तळहात गार पडतो आणि चाळीस मिनिटं गारच राहतो. परवा तो बॉनेट उघडून कुणाशी तरी बोलत टेकून उभा होता. हात सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर होता, हे त्याला कळलं ते कातडं जळल्याच्या वासावरून.